पेटी, नळी की तुंबडीची पाती?

शस्त्रक्रियेची जुनी हत्यारं जमवायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लाकडी पेटी येते. आत मखमल, त्यात हाडाची करवत आणि लांब सुरे. पैसे साठवून पहिली खरेदी तिचीच करायची, असं ठरवून बसला असाल तर जरा थांबा.

पेटी म्हणजे एक वस्तू नव्हे, पंधरा-वीस वस्तू. त्यातल्या दोन-चार कधी ना कधी हरवतात, आणि विकणारा दुसऱ्याच पेटीतल्या हत्यारांनी त्या जागा भरतो. माझ्या पहिल्या पेटीत करवतीवर एका कारागिराचं नाव होतं आणि सुऱ्यांवर दुसऱ्याचं. एक चिमटा तर आपल्या खाचेत खुळखुळत होता. हे माझ्या लक्षात आलं काही महिन्यांनी. म्हणून प्रत्येक हत्यार उचलून पाहावं. खालच्या मखमलीवर त्याचाच ठसा उमटलेला हवा.

मुठीही पुष्कळ सांगतात. आबनूस किंवा हस्तिदंताची मूठ सहसा जुनी. १८६७ मध्ये ब्रिटिश शल्यविशारद लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली, पुढे हत्यारं उकळून आणि वाफवून घ्यायची रीत आली. त्यात लाकूड तडकतं, म्हणून शतक संपता संपता मुठीसकट अख्खी धातूची, निकेलचा मुलामा दिलेली हत्यारं रूढ झाली. क्रिमियन युद्धातली (१८५३-५६) म्हणून दाखवलेल्या पेटीत स्टेनलेस स्टीलचं पातं निघालं तर हसून निघून यावं. ते पोलाद १९१३ नंतरचं.

एकनळी स्टेथोस्कोप त्या मानाने साधा. फ्रेंच डॉक्टर लेनेकने १८१६ मध्ये कागदाची गुंडाळी छातीला लावली आणि पुढे लाकडी नळी केली. त्याच्या काळातली जाड नळी तुमच्या-माझ्या हाती लागणं कठीण. बाजारात मिळतात त्या नंतरच्या, सडपातळ. एकच वस्तू, जागा कमी, भेसळीला वाव कमी. गोम अशी की लाकडी नळी लेथवर पटकन होते. त्यात गर्भातल्या बाळाचे ठोके ऐकायचा, फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ पिनार यांचा १८९५ चा कर्णा आजही वापरात आहे, म्हणजे नवा कोरा कर्णा रंगवून ‘शंभर वर्षांचा’ होऊ शकतो. कान टेकायची कड गुळगुळीत झिजलेली आणि बाकीचं लाकूड वेगळ्या छटेचं असेल तर भरवसा ठेवावा. सगळीकडे एकच रंग दिसला की शंका घ्यावी. पाहुणे मात्र ही नळी बघून ‘अंड्याचा कप का?’ असं विचारतात, तेवढी तयारी हवी.

माझं मत तिसऱ्या वस्तूला, स्कॅरिफिकेटरला. रक्त ओढून काढायला तुंबडी लावण्याआधी कातडीला बारीक चिरा पाडणारी ही पितळी डबी. दांडी ओढून ताण द्यायचा, कळ दाबायची, की बहुधा बारा पाती एका झटक्यात अर्धा फेरा मारतात. चिरा किती खोल हव्यात ते वरच्या स्क्रूने ठरतं. ही डबी स्वतःच साक्ष देते: स्प्रिंग जिवंत आहे का, पाती सगळी आहेत का, हे दोन मिनिटांत कळतं. नक्कल करायलाही ती लाकडी नळीपेक्षा कितीतरी अवघड. फक्त कळ दाबताना खाली बोट ठेवू नका, पात्यांची धार अजून शाबूत असते. आणि पितळ घासून लखलखीत करू नका. कोरलेलं नाव आधी त्यातच जातं.

अशा वस्तूंत कुठे कुठे हस्तिदंत असू शकतो. तो देशाबाहेरून मागवण्यावर कडक निर्बंध आहेत, तेव्हा कायदा आधी पाहावा.

पेटीचा मोह सुटतच नसेल तर सुटी करवत घ्या, नाव आणि पत्ता कोरलेली. कारागीर दुकानं बदलत, त्यामुळे पत्त्यावरून बऱ्याचदा ती कोणत्या दशकातली ते लागतं.