भाच्याचा गेमिंग पीसी, नौपाड्यातून

दहावीचा निकाल लागला आणि मामाने दिलेला शब्द मामालाच भोवला. बजेट ३५ हजार, मॉनिटर घरचाच. ठाण्यात नौपाड्यातल्या गल्लीतल्या त्या दुकानात काउंटरवरच्या पोराने ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारलं नाही, हे आवडलं. म्हणाला, ‘काका, रायझेन ५ ५६००जी प्रोसेसर घ्या, ग्राफिक्स त्यातच आहे. कार्ड पुढच्या दिवाळीला.’

घोळ झाला रॅमचा. ठरल्या होत्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, बसवली १६ची एकच. या प्रोसेसरचं ग्राफिक्स रॅममधूनच मेमरी उचलतं, त्यामुळे दोन पट्ट्या लावून ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्हींतून एकाच वेळी डेटा, मिळाला की गेममध्ये चांगलाच फरक पडतो. भाच्यानेच पकडलं, ‘मामा, एकच पट्टी लावलीय!’ स्वतः काढायची हिंमत नव्हती. म्हणून कळव्याहून परत रिक्षा, मांडीवर अख्खं कॅबिनेट, कोर्टनाक्याला ट्रॅफिक. मालकाने कुरकुरत का होईना, बदलून दिली. बिलावर सिरियल नंबर मात्र मागून लिहून घ्यावे लागले.

वायरिंग सुरेख, मागच्या बाजूने बांधलेलं. दुकानाला पाचपैकी साडेतीन.

व्हॅलोरंट हा भाच्याचा गेम झकास चालतो. ताई माझ्याशी बोलत नाही.