मुलुंडच्या नर्सरीतलं चीर पाइनचं रोप

यजमानांच्या सैन्यातल्या बदलीमुळे तीन वर्षं उत्तराखंडातल्या रानीखेतला काढली. तिथे या झाडाला चीड म्हणतात आणि त्याच्या वाळून पडलेल्या सुयांना पिरूल. मे महिन्यात समोरच्या डोंगराला वणवा लागला की पिरूल धडाडून पेटायचा, पण मोठी झाडं जाड सालीमुळे काळी पडूनही उभी राहायची. तापलेल्या राळेचा वास घरात यायचा. तो वास मला अजून हवाहवासा वाटतो.

गेल्या वर्षी एका नर्सरीने 'पाइन' म्हणून दिला तो निघाला अरौकेरिया, नाताळात चांदण्या लावतात ते झाड. दिसतं देखणं, पण पाइनच्या कुळातलं नाही.

मग मुलुंडची ही नर्सरी सापडली. इथल्या माळीकाकांनी आधी मला परत पाठवायचंच पाहिलं. "ताई, डोंगरउताराचं झाड आहे. पाणी साचलं की मूळ कुजतं. आणि जगलं तर शंभर फूट जाईल, सोसायटीच्या भिंतीलगत लावू नका." गच्चीवर भर उन्हात, पिंपात ठेवणार म्हटल्यावरच रोप दिलं. 450 रुपये.

घरी येऊन सुया पाहिल्या. चीरच्या सुया वीतभर लांब, तीन-तीनच्या जुडग्यात. इथे तर आखूड, निळसर, सुट्या! पुन्हा फसले असं वाटून रोप घेऊन तशीच परत गेले. काका जराही वैतागले नाहीत. लहानपणी पाइनला अशाच सुट्या सुया येतात म्हणाले, आणि शेजारच्या मोठ्या रोपाला आलेले जुडगे हात लावून दाखवले. निघताना जुन्या पाइनखालची मूठभर माती पुडीत बांधून दिली. तिच्यातली बुरशी पाइनच्या मुळांशी जोडली जाते, त्यांना मातीतलं फॉस्फरस मिळवून देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. उघड्याबोडक्या, निकस उतारावर हे झाड आधी पाय रोवतं ते या सोबतीमुळेही. हे मला रानीखेतला कुणी सांगितलं नव्हतं.

तक्रार एकच. पिशवीतली लाल माती फार चिकट होती. इतकं जाणणाऱ्यांनी निचऱ्याची माती द्यायला हवी होती. मी मुळांचा गोळा न फोडता रोप मुरूम आणि जाड वाळूत हलवलं, पिंपाला तळाशी भोकं पाडली, जुलैच्या मुसळधार पावसात ते विटांवर उचलून ठेवलं.

गेल्या रविवारी शेंड्याजवळ तीन सुयांचा पहिला जुडगा दिसला. चुरडून वास घ्यायचा धीर मात्र अजून होत नाही.