माल बांधायचा ५ टनाचा रॅचेट बेल्ट (दातांच्या हँडलने ताणायचा पट्टा) घेतला, ट्रेलरवर नवीन असलेल्या पोरांनी वाचा

रेटिंग ४/५. जो एक स्टार कापलाय तो बेल्टसाठी कमी आणि विकणाऱ्याच्या बोलण्यासाठी जास्त.

घेतलाय तो ५० एमएम रुंदीचा, १० मीटर लांब, दोन्ही टोकांना डबल हुक, पॉलिस्टरचा, नारिंगी कलर. कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळ ताडपत्री-दोऱ्यांची दुकानं आहेत तिथून घेतला, ऑनलाइन पण साधारण असाच भाव दिसत होता, हजार-बाराशेच्या आसपास एक. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तोच माल चार वेगळ्या स्टिकरने विकतात आणि मला कुणाची जाहिरात करायची नाही.

आता कुणी म्हणेल स्वतःच्या पैशाने कशाला घेतला, सामान तर शेठने द्यायचं असतं. बरोबर आहे. पण नवीन पोराला गाडीत काय मिळतं ते सगळ्यांना माहितीये, जुन्या ड्रायव्हरने नको म्हणून टाकलेल्या पट्ट्या, गाठ मारलेल्या, कडेने सुतं निघालेल्या, आणि चेन असेल तर तिचा एक हुक वाकलेला. गाठ मारलेला बेल्ट म्हणजे गेलेला बेल्ट, गाठीपाशी त्याची ताकद अर्ध्यावर येते, वरून कितीही चांगला दिसू दे. आणि ४० फुटी उघड्या ट्रेलरला ना फाळका ना बाजूची भिंत, माल आणि रस्ता यांच्या मधे तुम्ही बांधलं तेवढंच. टिपर किंवा बॉडीच्या सहाचाकीवरून आलेल्या पोरांना हे पहिले काही दिवस डोक्यातच येत नाही, तिथे माल सरकला तर भिंतीला लागतो, इथे सरकला की खाली.

हेवी लायसनच्या वेळी हे कुणी शिकवत नाही हे पण सांगून ठेवतो. वय २० पूर्ण पाहिजे, त्याआधी एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीचं लायसन एक वर्ष जुनं पाहिजे, मान्यताप्राप्त सेंटरला गेलात तर हेवीचा कोर्स सहा आठवड्यात ३८ तासांचा आहे. मी शिकलो तिथे रिकाम्या गाडीवर रिव्हर्स आणि चढावर उचलणं झालं, माल बांधणीचा विषयच निघाला नाही. ते सगळं उस्तादाकडून, म्हणजे ज्या जुन्या ड्रायव्हरच्या हाताखाली शिकलो त्याच्याकडून, शिव्या खात.

तर बेल्ट. चांगलं काय ते आधी. वजनाला हलका, चेनचा ढीग खांद्यावर टाकून ट्रेलरच्या या बाजूने त्या बाजूला फिरायचं म्हणजे काय ते उन्हाळ्यात करून बघा. बेल्ट एका हाताने मालावरून पलीकडे फेकता येतो, खालून हुक अडकवला, पट्टा रॅचेटच्या फटीतून ओढून आधी हाताने सगळा ढिलेपणा काढला आणि मग हँडल मारलं की झालं. हाताने ढिलेपणा काढायचा हे महत्त्वाचं आहे, नाहीतर रॅचेटच्या मधल्या दांड्यावर वेढ्यांचा गोळा होतो आणि टाइट व्हायच्या आधीच रॅचेट भरतो. दीड ते तीन वेढे बसले पाहिजेत, त्यापेक्षा कमी असले तर पट्टा सटकू शकतो. रंगवलेली मशीन, पाइपचे बंडल, पॅक केलेल्या पेट्या, प्रीकास्ट (तयार काँक्रीटचे नग) यांना बेल्टच बरा, चेनने रंग जातो आणि पार्टी पोहोच पावतीवर डॅमेज लिहून भाडं अडकवते.

आता खरा मुद्दा. दुकानदार म्हणाला, "५ टनाचा आहे, चार मारले की २० टन टेन्शन नाही." हे ऐकून मागे उभा असलेला माझा उस्ताद हसायलाच लागला. भावांनो, ५ टनाचा बेल्ट तुमचा माल ५ टनाने दाबत नाही!! बेल्टवर निळं लेबल शिवलेलं असतं ते वाचा. त्यात एलसी असते म्हणजे सरळ ओढला तर बेल्ट किती भार झेलेल, ५० एमएमला बहुतेक २५०० डेकान्यूटन लिहिलेलं असतं म्हणजे साधारण अडीच टन, आणि वेढा घालून दोन्ही पदर धरले की ते दुप्पट होऊन ५ टन, बरेच जण हाच मोठा आकडा सांगतात, आणि कुणी कुणी तर तुटायचा आकडा सांगतो. त्याच्या खाली एसटीएफ नावाचा छोटा आकडा असतो, साध्या हँडलला तो ३०० च्या आसपास. म्हणजे तुम्ही हाताने ५० किलोचा जोर लावला की पट्ट्यात ताण येतो फक्त तीनशे किलोचा. मालावरून आडवा टाकलेला बेल्ट तेवढाच खाली दाबतो, दोन्ही बाजू मिळून पाच-सहाशे किलो धरा. बाकी सगळं काम घर्षण करतं.

युरोपात बांधणीचा हिशोब असा धरतात की जोरात ब्रेक लागला तर माल स्वतःच्या वजनाच्या ८० टक्के जोराने पुढे येतो, बाजूला आणि मागे ५० टक्के. २० टनाच्या प्लेटा असतील तर १६ टन जोर केबिनच्या दिशेने. आता वरून आडवे टाकलेले चार बेल्ट त्यापुढे काय करणार ते तुम्हीच सांगा. म्हणून माल पुढे हेडबोर्डला (केबिनमागच्या आडव्या भिंतीला) टेकवून लावायचा, मधे जागा राहत असेल तर लाकडी गुटके भरायचे, खाली रबरी मॅट टाकायची, लोखंडावर लोखंड असं कधीच ठेवायचं नाही कारण ते तेलकट असेल तर बर्फासारखं सरकतं. बेल्ट ह्या सगळ्यानंतर येतो.

कॉइलला तर हा बेल्ट एकटा वापरायचाच नाही. डोलवीवरून चाकणला एचआर कॉइल (पोलादी पत्र्याची गुंडाळी) घेऊन जाणाऱ्या गाड्या बघा, एकेक नग वीस टनाच्या पुढे असतो, तिथे खाली घडवंची, दोन्ही बाजूंनी पाचर आणि कॉइलच्या डोळ्यातून, म्हणजे मधल्या भोकातून चेन. चेनवर पण ग्रेड बघा, कडीवर ८ किंवा ८० कोरलेलं असतं, १० एमएमची ग्रेड ८० चेन बांधणीला ६३०० डेकान्यूटनची धरतात. हार्डवेअरच्या दुकानातली गेटला लावायची चेन पण १० एमएमच दिसते, तिच्यावर काहीच कोरलेलं नसतं, ती घेऊ नका.

बेल्टचा दुसरा शत्रू म्हणजे धार. प्लेटची कड किंवा अँगलचा कोपरा ताणलेल्या पट्ट्याला ब्लेडसारखा कापतो, आणि गाडी हलत असताना तो घासतच असतो. कॉर्नर गार्ड बेल्टसोबत मिळत नाहीत, वेगळे घ्यावे लागतात, हे मला खटकलं. जुन्या टायरच्या पट्ट्या कापून आम्ही वापरतो, चालतंय. उन्हात पडून पण पट्टा कडक होतो आणि रंग उडतो, काम झालं की गुंडाळून पेटीत टाका, ट्रेलरवर लोंबकळत ठेवू नका.

निघाल्यावर थोड्या अंतरावर थांबून परत टाइट करायचं. माल बसतो, गुटके दबतात, पॉलिस्टर थोडं ताणतंच. पेणहून खोपोलीकडे येताना मी घाट लागायच्या आधी एकदा गाडी बाजूला घेतोच, प्रत्येक वेळी एकतरी हँडल दोन-तीन दात पुढे जातं. चढाला माल मागे ओढतो, उताराला पुढे, म्हणजे बोरघाटात एकाच ट्रिपमधे जाता-येता दोन्ही परीक्षा. आणि हँडलला पाइप लावून टाइट करू नका, क्लिनर पोरांना ही लय सवय, दात मोडतात.

सोडतानाची गोष्ट तर अजून कुणी सांगत नाही. साधं रॅचेट पूर्ण उघडलं की सगळा ताण एका झटक्यात सुटतो. माल कलला असेल तर तो पट्ट्यावरच टेकलेला असतो, तुम्ही उघडलं की अंगावर. आधी पलीकडून चक्कर मारून बघायचं, मगच हात लावायचा. टप्प्याटप्प्याने सुटणारं लांब हँडलचं रॅचेट पण येतं, ताण पण जास्त देतं, पाचशे किलोच्या आसपास, महाग आहे, पुढच्या वेळी तेच घेणार.

शेठलोकांनी पण वाचा, माल बॉडीच्या बाहेर आला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २०,००० आहे आणि उतरवायचा खर्च वेगळा, त्यात बेल्ट, मॅट आणि गार्डचा पूर्ण सेट येऊन पैसे उरतील.

घेताना तीन-चार महिन्यांनी लेबल पुसलं जाईल हे धरून चाला, फोटो काढून ठेवा. लेबलच शिवलेलं नसेल तर दुकानदार कितीही गोड बोलू दे, बिल करायच्या आधीच परत द्या.