तीनाऐवजी पाच वेळा लुकलुकणारा इंडिकेटर : कोडिंग ॲप आणि ओबीडी डोंगलचा काही महिन्यांचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेल्या ओबीडी डोंगलविषयी (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये बसणारे आणि फोनशी जोडले जाणारे छोटे उपकरण) आणि गाडीतील बंद ठेवलेल्या सोयी त्यातून चालू करणाऱ्या ॲपविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते. परंतु मागच्या आठवड्यात ठाण्यातील एका सर्व्हिस सेंटरने गाडीचे सॉफ्टवेअर अपडेट करताना मी बदललेल्या सर्व सेटिंग्ज पुसून टाकल्या आणि वर मलाच वॉरंटीची भीती घातली, त्यामुळे हे लिखाण आता पुढे ढकलण्यात अर्थ उरला नाही. गाडी युरोपीय बनावटीची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि रोजचा प्रवास घोडबंदर रोडवरील मानपाड्याहून ऐरोलीपर्यंतचा आहे. ॲपचे नाव येथे देत नाही, कारण ते प्रत्येक गाडीनुसार बदलते. बीएमडब्ल्यूवाले बिमरकोड वापरतात, फोर्डवाल्यांना फोरस्कॅन लागते, आणि फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांसाठी व्हीसीडीएस, ओबीडीइलेव्हन असे पर्याय आहेत. फोर्डच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवावे की, कोडिंगची, म्हणजे गाडीच्या सेटिंग्ज बदलण्याची, खरी सोय फोरस्कॅनच्या विंडोज आवृत्तीत आहे. फोनवरील लाइट आवृत्तीकडून तेवढी अपेक्षा करू नये.

डोंगल ज्यात बसतो त्या स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटविषयी बहुतेकांना ठाऊक असतेच. आपल्याकडे ओबीडीचा (गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून नोंदवण्याच्या व्यवस्थेचा) दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून लागू झाला, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत ते शोधावे लागत नाही. डोंगल मात्र विचारपूर्वक घ्यावा. ऑनलाइन चार-पाचशे रुपयांत मिळणाऱ्या ईएलएम ३२७ या डोंगलमधील चिपच्या नकला इंजिनचे फॉल्ट कोड वाचण्यापुरत्या चालतात. पण त्यांपैकी अनेकींत मूळ चिपच्या काही आज्ञाच नसतात, आणि गाडीत नवी सेटिंग लिहिण्याचे काम अर्धवट राहिले तर पुढचा खर्च डोंगलच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. काटकसर माझ्या स्वभावात आहे, तरीही या एका ठिकाणी मी ती केली नाही. आयफोन वापरणाऱ्यांनी ब्लूटूथ लो एनर्जी किंवा वायफायवर चालणाराच डोंगल घ्यावा, कारण जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथचा डोंगल त्यांच्या फोनला जोडलाच जात नाही.

या छुप्या सोयी गाडीत मुळात का असतात, हा प्रश्न मला सुरुवातीला पडला होता. कारण साधे आहे. निरनिराळ्या देशांसाठी आणि निरनिराळ्या व्हेरियंटसाठी कंपनी बहुधा एकाच प्रकारचे कंट्रोल युनिट (गाडीतील छोटा संगणक) बसवते, आणि त्यातील अंकांच्या एका लांबलचक मालिकेवरून कोणती सोय चालू आणि कोणती बंद हे ठरते. ॲप त्या मालिकेतील एखादा अंक बदलते, एवढाच हा चमत्कार आहे.

मी केलेल्या बदलांपैकी बहुतेकांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. गाडी सुरू करताना मीटरचे काटे एकदा टोकापर्यंत जाऊन परत येतात. ही हौस माझ्या मुलाची, आणि तिचा उपयोग शून्य आहे. ठरावीक वेगानंतर दारे आपोआप लॉक होतात, हे बरे आहे. रिमोटचे बटण दाबून धरल्यावर चारही काचा खाली किंवा वर होण्याची सोय मात्र खरोखर कामाची निघाली. मे महिन्यात ऐरोलीच्या उघड्या पार्किंगमध्ये दिवसभर तापलेल्या गाडीत बसण्यापूर्वी लांबूनच काचा उघडता येतात, आणि पावसाची सर आली की गाडीपर्यंत भिजत जावे लागत नाही. घरात लहान मुले असतील, तर काचांना अडथळा लागल्यावर थांबण्याची व्यवस्था आपल्या गाडीत आहे की नाही, हे आधी तपासावे.

माझ्या दृष्टीने ज्या एका बदलासाठी सगळे पैसे वसूल झाले, तो इंडिकेटरचा आहे. दांडी हलकेच ढकलून सोडली की इंडिकेटर तीन वेळा लुकलुकतो आणि बंद होतो. मी ती संख्या पाच केली. घरी याची यथेच्छ थट्टा झाली. परंतु हिशेब करून पाहावा. इंडिकेटरने मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावे असे प्रमाण आहे. मधला ९० चा आकडा धरला, तर तीन वेळा लुकलुकायला दोन सेकंद लागतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्या वेळात साधारण २२ मीटर जाते. घोडबंदर रोडवर शेजारच्या लेनमध्ये न्हावा शेव्याचा कंटेनर असतो, आणि चाळीस फुटी कंटेनरचीच लांबी १२ मीटरांहून अधिक भरते. ट्रकचे केबिन वेगळे. मेट्रोच्या कामामुळे आखडलेल्या लेनमध्ये त्या चालकाने नेमक्या त्या दोन सेकंदांत आरशात पाहिले नाही, तर आपण इशारा दिला काय आणि न दिला काय, सारखेच. पाच वेळा लुकलुकल्यास सव्वातीन सेकंदांहून थोडा अधिक वेळ आणि सुमारे ३७ मीटर अंतर मिळते. हा बदल केल्यापासून मागचे हॉर्न कमी झाले, असे मला निश्चित वाटते. दांडी पूर्ण दाबून धरण्याचा पर्याय कोणालाही उपलब्ध आहे हे मला मान्य आहे. पण क्लच, गिअर आणि डावीकडून घुसणारी रिक्षा एकाच वेळी सांभाळताना तो कितीजण वापरतात, हे कापूरबावडीच्या जंक्शनला पाच मिनिटे उभे राहून पाहावे. चार हा मधला आकडाही ॲपमध्ये आहे. तो मी वापरून पाहिला आणि सोडून दिला.

काही गोष्टींना मी हात लावला नाही. जुलै २०१९ नंतरच्या गाड्यांत ताशी ८० च्या पुढे अधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत वाजणारा इशारा असतो. अटल सेतूवर १०० ची मर्यादा असताना तो ८० ला वाजू लागतो, हे वैतागवाणे आहे खरे. तरीही सीटबेल्टचा आणि वेगाचा इशारा कायद्याने बसवलेला आहे, म्हणून तो तसाच ठेवला. एअरबॅग आणि ब्रेक यांच्या युनिटमध्ये शिरायचे नाही, हे तर सांगायलाही नको.

ॲपच्या वर्गणीविषयी माझे मत प्रतिकूल होते. ज्या सेटिंग्ज एकदाच बदलायच्या, त्यांच्यासाठी वर्षाची वर्गणी भरणे म्हणजे लग्नाच्या एका जेवणासाठी वर्षभराची खानावळ लावण्यासारखे आहे. म्हणून मी एका महिन्याचे पैसे भरले, हवे ते सगळे बदलून घेतले आणि वर्गणी रद्द केली.

त्यानंतर सर्व्हिस सेंटरचा प्रकार घडला. रिव्हर्स कॅमेऱ्याची तक्रार होती. त्यांनी युनिटचे सॉफ्टवेअर अपडेट केले आणि गाडी परत दिली. माजिवड्याला पोहोचेपर्यंत इंडिकेटर तीनवर आल्याचे माझ्या लक्षात आले. दुसऱ्या दिवशी विचारणा केली, तेव्हा ॲडव्हायझर म्हणाला, "सर, तुम्ही बाहेरचं डिव्हाइस लावलंय, उद्या वॉरंटी नाकारली गेली तर आमच्याकडे येऊ नका." मी म्हटले, "ठीक आहे, कॅमेऱ्याचा बिघाड या डिव्हाइसमुळे झाला, असं जॉब कार्डवर लिहून सही करून द्या." त्यावर मॅनेजरसाहेब आले, चहा आला आणि वॉरंटीचा विषय मिटला. लिहून मात्र कोणी काही दिले नाही. माझ्या सेटिंग्ज परत घालून देण्यास त्यांनी नकार दिला, आणि तेवढ्यापुरते त्यांचे म्हणणे योग्यही होते. अपडेटनंतर युनिट मूळ कोडिंगवर जाणे अनपेक्षित नाही.

पुन्हा वर्गणी भरावी लागणार, या विचाराने चरफडत ॲप उघडले. तेव्हा असे दिसले की प्रत्येक बदलाआधीचे आणि नंतरचे मूल्य त्यात तारखेनुसार जपून ठेवलेले होते, आणि स्वतःच्या जुन्या नोंदी परत घालण्यासाठी पैसे लागत नव्हते. सोसायटीच्या पार्किंगमध्येच सगळे पूर्ववत झाले. वर्गणीविषयी वर लिहिलेले वाक्य मी खोडत नाही, कारण वर्षभराचे पैसे भरण्याची गरज अजूनही पटलेली नाही. ॲपविषयीचे माझे मत मात्र त्या संध्याकाळी पुष्कळ सुधारले.

घेणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक बाबी सांगतो. सेटिंग लिहिण्यापूर्वी बॅटरीचे व्होल्टेज पाहावे. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास असते, आणि ते १२ च्या खाली असेल तर त्या दिवशी काहीही बदलू नये. दुसरे म्हणजे, सॉकेटच्या सोळाव्या पिनला बॅटरीचा पुरवठा सतत चालू असतो, त्यामुळे डोंगल लावून गाडी आठवडाभर उभी ठेवल्यास बॅटरी उतरू शकते. माझा डोंगल ग्लव्ह बॉक्समध्ये असतो. पुढच्या सर्व्हिसला गाडी देताना तो घरी ठेवीन, आणि कोडिंगचे स्क्रीनशॉट आदल्या रात्री काढून घेईन.