वितळलं नाही तेव्हाच ओळखायला हवं होतं

मे महिन्यातला शनिवार. फोर्टमधल्या ऑफिसातून हाफ डे संपवून मी क्रॉफर्ड मार्केटला गेले. नवऱ्याचा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता आणि त्याला डार्क चॉकलेटचं वेड. साधं चॉकलेट 'लहान मुलांचं' म्हणून तो हातही लावत नाही. परदेशी मालाच्या एका गाळ्यावर सोनेरी कागदातल्या शंभर-शंभर ग्रॅमच्या वड्या रचून ठेवल्या होत्या. वर 'बेल्जियन डार्क 72%'. छापील किंमत 650, मला 180 ला. 'मॅडम, कंटेनर का माल है, बॉक्स थोडा दबा है, इसलिए,' असं तो म्हणाला. मी सहा घेतल्या, 1,080 रुपये मोबाइलवरून दिले आणि घासाघीस न करता एवढं स्वस्त मिळालं म्हणून खुशीत निघाले. बिल मागायचं सुचलंसुद्धा नाही.

सीएसएमटीहून डोंबिवलीपर्यंत लेडीज डब्यात उभी, पिशवी छातीशी धरलेली. घामाने माझं पाणी झालं होतं, पण घरी पिशवी उघडली तर वड्या साबणासारख्या कडक. मला कौतुक वाटलं! 'बघ, इम्पोर्टेड ते इम्पोर्टेड,' असं नवऱ्याला ऐकवलंही.

वाढदिवसाला त्याने एक तुकडा तोंडात टाकला, जरा वेळ घोळवला आणि पाणी मागितलं. 'गोड आहे गं बरंच,' एवढंच म्हणाला. मी खाल्लं तर टाळूला मेणचट थर बसला. डालड्यातल्या शंकरपाळ्या थंडीत खाल्ल्यावर बसतो तसा.

माझी भाची घरून चॉकलेटच्या ऑर्डरी घेते. तिने एक चौकोन माझ्या मुठीत ठेवला आणि मूठ मिटायला लावली. दोन मिनिटांनी उघडली तर कडा तशाच, बोटांना नुसतं तेल. 'मावशी, हे कंपाउंड आहे. खऱ्या चॉकलेटातलं कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून तर ते जिभेवर विरघळतं. मेमध्ये लोकलमधून आणलेलं चॉकलेट मऊ पडायलाच हवं होतं.' कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी स्वस्त वनस्पती तूप असतं आणि चवीपुरती कोको पावडर. दिवाळीत घरोघरी साच्यातून पाडतात ते चॉकलेट बरेचदा हेच. 'मीही वापरते,' ती म्हणाली, 'पण सांगून विकते.'

मग तिने वडी उलटी केली. मागे पांढरं स्टिकर होतं आणि पुढचा '72%' हासुद्धा वेगळा चिकटवलेला गोल. चहाच्या आधणाच्या वाफेवर धरलं तसं मागचं स्टिकर सुटलं. खाली मूळ यादी: साखर, हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, कोको पावडर. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. 72 टक्के कोको असेल तर बाकी सगळं मिळून 28 टक्केच उरतं, मग साखर पहिली येईलच कशी? मूळ तारीखही मागच्या नोव्हेंबरात उलटून गेलेली. आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी परवाना क्रमांक नाही, हिरवा ठिपका नाही. हे सगळं आयात मालावर असावंच लागतं आणि ते बघायला दहा सेकंद लागतात. मी भाव बघत होते.

भावावरूनही कळायला हवं होतं. 2024 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला 12 हजार डॉलरच्या पुढे गेला होता. त्याआधी वर्षानुवर्षं तो दोन-तीन हजारांत असायचा. एवढ्या महाग मालाची परदेशी वडी 180 ला कोण देईल? आणि 'बेल्जियन' शब्दाला भुलण्यात काय अर्थ होता? बेल्जियममध्ये कोको पिकत नाही. जगातला निम्म्याहून जास्त आयव्हरी कोस्ट आणि घानातून येतो, आपल्याकडे केरळ-आंध्रात होतो. तिथल्या बियांपासून चॉकलेट करणारे आता आपल्याकडेही आहेत आणि त्यांची यादी 'कोको, साखर' इथेच बहुधा संपते.

एक मात्र खरं, वडीवर पांढुरका थर दिसला तर लगेच खोटं ठरवू नका. कोको बटर वितळून परत गोठलं की खऱ्या चॉकलेटवरही तो येतो. सासूबाई त्याला बुरशी समजून चांगली चॉकलेटं टाकून द्यायच्या. माझ्या वड्यांवर तर तसलं काहीच नव्हतं, अगदी चकाचक.

पुढच्या शनिवारी वड्या घेऊन गाळ्यावर गेले. 'ये मेरा माल नहीं है. बिल दिखाओ.' मोबाइलवरच्या व्यवहारात दुकानाचं नव्हे, कुणा माणसाचं नाव होतं. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार केली, क्रमांक मिळाला, त्यांनीही आधी बिलच मागितलं.

परवा तिकडून जाताना सहज पाहिलं. तोच सोनेरी कागद, तशीच रचलेली रास. भाव आता 200.