थोरले बुश की रॉस पेरो?
१९९२ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सरकारी खर्चाची धास्ती घेतलेल्या परंपरावादी मतदारापुढे दोन नावं होती: राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) आणि टेक्ससचे अब्जाधीश रॉस पेरो. डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार बिल क्लिंटन त्याच्या हिशेबातच नव्हते.

बुश यांच्यावरचा राग सरळ होता. १९८८ मध्ये 'नवे कर नाहीत' असं छातीठोकपणे सांगून त्यांनी १९९० मध्ये काँग्रेसशी, म्हणजे अमेरिकी संसदेशी, तडजोड केली आणि वरच्या थराचा आयकर २८ वरून ३१ टक्क्यांवर गेला. शब्द मोडला, संपलं! पण त्याच तडजोडीत खर्चाला मर्यादा घातली होती. नवी योजना किंवा करकपात आणायची, तर तिचा पैसा कुठून येणार हे आधी दाखवा, अशी अटही होती. माझ्या मते काटकसरीचं खरं काम तिथं झालं; श्रेय मात्र बुशना मिळालं नाही.

पेरो टीव्हीवर अर्ध्या अर्ध्या तासाची वेळ विकत घेऊन तक्ते दाखवायचे, वाण्याने उधारीची वही उघडावी तसे. सरकारी अंदाजपत्रकातली तूट तेव्हा २९० अब्ज डॉलरच्या घरात होती. गंमत म्हणजे करवाढीवरून बुशवर चिडलेले कित्येकजण ज्या पेरोंकडे वळले, तेच पेट्रोलवरचा कर पाच वर्षांत गॅलनमागे ५० सेंटनी वाढवा म्हणत होते. फरक इतकाच, की ते मतदानाआधी सांगत होते. जुलैत मैदान सोडून ऑक्टोबरमध्ये परतणं मात्र भरवशाचं लक्षण नव्हतं.

पेरोंना सुमारे १९ टक्के मतं पडली. इलेक्टोरल मत, म्हणजे राज्यवार मिळणारं आणि अध्यक्ष ठरवणारं मत, एकही नाही.