इगतपुरीचं दहा दिवसांचं शिबिर : तोंडाळ माणसांसाठी

धम्मगिरी या विपश्यना ध्यानकेंद्रात गेले ती मोक्षासाठी नाही. घरातल्या रोजच्या वादावादीसाठी. मी फटकळ, सूनबाईही काही कमी नाही.

फी शून्य. राहणं-जेवण आधीच्या साधकांच्या दानातून चालतं, आणि शिबिर पुरं केल्याशिवाय तुमचं दान घेतही नाहीत. पहाटे चारला घंटा, मोबाइल जमा, बोलणं बंद, खाणाखुणाही बंद. रात्रीचं जेवण नाही. नवख्यांना पाच वाजता चहा आणि फळं. भूक सोसवते, गप्प बसणं महाकठीण!

पहिले तीन दिवस फक्त नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास. कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते: अंगभर संवेदना बघायच्या, पण त्यांवर उसळायचं नाही. गुडघा ठणकतोय? ठणकू दे, बघ. रागाचंही तसंच असतं हे मला तिथे कळलं. आधी कान तापतात, मग जीभ सुटते. आता कान तापले की मी ओट्याशी जाऊन उभी राहते. बोलायचं ते बोलतेच, पण जरा वेळाने. सूनबाई म्हणते, "आई, तुम्ही गप्प झालात की जास्त भीती वाटते."

ही शिबिरं सुरू करणाऱ्या दिवंगत गोएंका गुरुजींची संध्याकाळची रेकॉर्ड केलेली प्रवचनं मिश्कील आहेत, चुकवू नका. घरी सकाळ-संध्याकाळ तास-तास बसायला सांगतात. मला सकाळचाच जमतो. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर अर्जात स्पष्ट लिहा, डॉक्टरांनाही विचारा. आणि पावसाळ्यात जाणार असाल तर कपड्यांचे जादा जोड घ्या. इगतपुरीत तेव्हा काही वाळत नाही.